आकाशवाणीची धून आणि नाशिकच्या वह्या

आकाशवाणीची सभा सुरू होण्याआधी तानपुऱ्यावर व्हायोलिनची जी छोटी धून वाजते, ती ऐकली नाही असा पन्नाशीपुढचा नाशिककर सापडणं कठीण. आधी ती धून, मग बातम्या, मग चहा असा कित्येक घरांचा सकाळचा क्रमच होता. सुरावट शिवरंजनी रागाची. बांधणारा मात्र इथला नाही. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या कार्ल्सबाड गावी 1907 साली जन्मलेले ज्यू संगीतकार वॉल्टर कॉफमन यांच्याकडे तिचं श्रेय जातं. तेही पुरतं निर्विवाद नाही. धून 1936 ची सांगतात आणि कॉफमन यांची रेडिओतली नोकरी 1937 ची. व्हायोलिन कोणी वाजवलं, यावर तर वेगवेगळी नावं घेतली जातात. रोज सकाळी देशभर वाजणाऱ्या सुरावटीचे कागदपत्र इतके ढिले.

तरीही खुद्द कॉफमन यांच्याबद्दल आज तपशिलानं लिहिता येतं. याचं श्रेय मुंबईला नाही, अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टन या गावाला आहे. तिथल्या इंडियाना विद्यापीठानं त्यांची हस्तलिखितं ठेवली.

नाशिकमध्ये संगीतकाराचं स्मारक म्हटलं की सभागृह, चौक, कमान आणि पुरस्कार यापलीकडे आपली यादी जात नाही. सिंहस्थाच्या निमित्तानं शहरात पुन्हा बांधकामाचा हंगाम आहे, म्हणून आत्ताच बोललेलं बरं. गाणं शिकवणाऱ्यांच्या वह्या, कॅसेट आणि पत्रं ठेवणारं एक सार्वजनिक दप्तर या शहरात हवं, आणि ते पुढच्या कमानीच्या आधी हवं. असा आग्रह का, हे कॉफमन यांच्या आयुष्यावरून नीट कळतं.

बर्लिनच्या संगीत विद्यालयात फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे शिकलेले, कुर्ट साक्स यांच्याकडे संगीतशास्त्राचे धडे घेतलेले कॉफमन 1934 मध्ये मुंबईत उतरले तेव्हा जेमतेम सव्वीस-सत्तावीस वर्षांचे होते. प्रागमध्ये डॉक्टरेटचं काम जवळजवळ पुरं झालं होतं, पण मार्गदर्शक नाझी संघटनेतला निघाला म्हणून ती पदवी त्यांनी घेतलीच नाही. (त्यांची पहिली बायको गर्टी ही काफ्काची भाची. ही माहिती संगीताच्या कामाची नाही, पण राहवत नाही.) मुंबईत ते बारा वर्षं राहिले. इथलं गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना ते अनोळखी आणि अगम्य वाटलं. पण लाखो लोक ज्यावर जीव टाकतात ते आपल्याला कळत नसेल तर खोट आपल्या कानात असणार, असा सरळ हिशेब त्यांनी केला आणि ते शिकायला बसले. आपल्याकडे येऊन चार महिन्यांत भारतीय संगीतावर मत देणाऱ्यांची रांग मोठी आहे. त्या रांगेत हा माणूस बसत नाही.

आल्या वर्षीच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. दर गुरुवारी बैठक. पियानोवर स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर एडिजिओ वेर्गा. 1937 च्या मेपर्यंत या मंडळानं 136 कार्यक्रम केले होते. तीन वर्षांत 136 म्हणजे आठवड्याला जवळपास एक. इतक्या कार्यक्रमांना दर वेळी लिहिलेलं संगीत लागतं, प्रत्येक वादकाच्या वाट्याची वेगळी प्रत लागते, आणि मुंबईत छापील प्रती मिळत नसतील तर हातानं उतरवून काढाव्या लागतात. पाश्चात्त्य परंपरेतल्या संगीतकाराचं कागदाशी असलेलं हे नातं नीट समजून घ्यायला हवं. त्यांना वह्या जपण्याची आवड आपल्यापेक्षा जास्त असते असं काही नाही. कागद नसेल तर त्यांचं वादन उभंच राहत नाही, एवढंच. चार वादकांना एकाच क्षणी वेगवेगळे सूर वाजवायचे तर ते आधी कोणीतरी लिहायलाच लागतात. आपल्याकडे गायक, तबलजी आणि पेटीवाला मुखडा ऐकून एकमेकांना धरतात. कागदावाचून मैफल अडत नाही, म्हणून कागद उरत नाही.

1937 ते 1946 कॉफमन आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. याच काळात त्यांनी रेडिओसाठी ऑपेरा लिहिला, बोलपटांना आणि माहितीपटांना संगीत दिलं, आणि गोंड-बैगा लोकांच्या गाण्यांवर 1941 मध्ये लेख प्रसिद्ध केला. युद्ध संपल्यावर ते इंग्लंडमार्गे कॅनडात गेले, 1948 मध्ये विनिपेग सिंफनीचे पहिले संगीत दिग्दर्शक झाले, आणि 1957 पासून ब्लूमिंग्टनला शिकवू लागले. उत्तर भारतीय रागांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ 1968 मध्ये आला, दक्षिणेतल्या रागांवरचा 1976 मध्ये. म्हणजे मुंबईत टिपलेल्या गोष्टी छापून यायला दोन-तीन दशकं लागली, आणि तोवर त्या वह्या तीन देश फिरून शाबूत राहिल्या. 1984 मध्ये ते गेले. त्यानंतर छत्तीस वर्षांनी, 2020 मध्ये, टोरांटोच्या एका वाद्यवृंदानं त्यांच्या चतुष्टकांचं (चार वादकांच्या रचनांचं) आणि व्हायोलिन सोनाटांचं ध्वनिमुद्रण बाजारात आणलं. वाजवणाऱ्यांपैकी कोणी मुंबईतल्या त्या गुरुवारच्या बैठकींना हजर नव्हतं. त्यांच्यासमोर फक्त कागद होता.

शेजारीच दुसरं उदाहरण आहे, आणि ते जास्त बोलकं आहे. जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकार 1935 मध्ये भारतात आले आणि आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर कॉफमन यांच्यासारख्याच पदावर काम करू लागले. नाव कॉफमनपेक्षा कितीतरी मोठं. त्यांची एक रचना लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये बाराशे गायक-वादकांनी सादर केलेली. दिल्लीत त्यांनी देशी वाद्यांचा वृंद बांधला, पेटीविरुद्ध लेख लिहिला, आणि आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटीवर घातलेली बंदी पुढे तीस वर्षं टिकली. एप्रिल 1939 मध्ये कलकत्त्याला बदली होऊन गेले आणि थोड्याच दिवसांत पटकीनं वारले. भारतात लिहिलेली त्यांची कितीतरी पानं, पूर्व आणि पश्चिम जोडणारी सिंफनी धरून, गेली ती गेलीच. उरलेली खोक्यांत राहिली, आणि खोकी उघडली तेव्हा उंदीर आणि मुंग्या आपलं काम करून गेल्या होत्या. पद तेच, वर्षं तीच, सरकारी खातंही तेच. एकाचं संगीत 2020 मध्ये नव्यानं वाजलं, दुसऱ्याच्या भारतातल्या कामाचे तुकडे जुळवत बसावं लागतं. फरक गुणवत्तेचा नाही, खोक्यांचा आहे.

आता नाशिक. गायक-गुरू विष्णु दिगंबर पलुस्कर यांना कॉफमन-फोल्ड्स यांच्यासारखं परदेशस्थ म्हणता येणार नाही, पण परमुलखात जाऊन शिकवणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कोणी भोगलं नसेल. कुरुंदवाडचा माणूस, मिरजेला बाळकृष्णबुवांकडे शिकलेला, 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढतो. भाषा वेगळी, खाणंपिणं वेगळं, घराणेदार उस्ताद विरोधात. 1908 मध्ये मुंबईत शाळा, मग इमारतीचं कर्ज, मग लिलाव. 1922 मध्ये पंचवटीत रामनाम आधार आश्रम, आणि शेवटची वर्षं बरीचशी इथेच. 1931 मध्ये मिरजेला निधन. पंचवटीत इंद्रकुंडाजवळ त्यांच्या नावाचं सभागृह आहे, ही चांगलीच गोष्ट. पण बुवांनी स्वतः सभागृहापेक्षा छापखान्यावर भर दिला होता. ‘संगीत बालप्रकाश’, ‘रागप्रवेश’ अशी पुस्तकं आणि त्यांसाठी स्वतःची स्वरलेखन पद्धत. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर असे शिष्य देशभर पांगले तेव्हा प्रत्येकाच्या ट्रंकेत ही पुस्तकं होती. इमारत कर्जात गेली, पुस्तकं लिलावात निघाली नाहीत.

ही स्वरलेखन पद्धतच आज नाशिकमधल्या जुन्या वह्यांचा मोठा पेच आहे. दुसरी पद्धत संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंडे यांची, आणि आज वर्गात बहुतेक तीच चालते. दोन्हींतला फरक परीक्षेला चार गुणांसाठी पाठ करतात आणि विसरतात. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक आणि खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं). पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्र दाखवतं आणि तारासाठी डोक्यावर उभी रेघ येते. भातखंड्यांकडे उभी रेघ फक्त मध्यमावर, आणि तिचा अर्थ तीव्र. भातखंड्यांकडे स्वराखालची आडवी रेघ म्हणजे कोमल. पलुस्करांकडे तीच रेघ एक मात्रा मोजते. तालात भातखंडे सम (पहिली मात्रा) फुलीनं दाखवतात आणि ‘खाली’ (टाळीविना मोकळी मात्रा) शून्यानं. पलुस्करांकडे सम एकच्या आकड्यानं, आणि अधिकाचं चिन्ह ‘खाली’चं.

पलुस्कर पद्धतीत लिहिलेला, प्रत्येक स्वर एकेक मात्रेचा असा भूप रागाचा सरगम घ्या. सा, रे, ग, प, ध, सगळ्यांखाली आडवी रेघ. ही वही भातखंडे पद्धतीनं शिकलेल्या नातवाच्या हाती पडली तर रे, ग, ध तिन्ही कोमल होतात आणि भूपाचा भूपालतोडी होतो. संध्याकाळचा राग सकाळी जाऊन बसतो. ओळखायची खूण सोपी आहे: सा आणि प कधी कोमल होत नाहीत. तेव्हा सा किंवा प खाली रेघ दिसली, किंवा मध्यम सोडून इतर स्वरावर उभी रेघ दिसली, की वही पलुस्कर पद्धतीची. पण कित्येक वह्यांत दोन्ही पद्धती मिसळलेल्या असतात, कारण गुरू एका पद्धतीचे आणि परीक्षा दुसऱ्या पद्धतीची. अशा वेळी वहीचा मालक हयात असताना विचारून घेणं हाच उपाय. ‘अमुक पानापर्यंत जुनी पद्धत, पुढे नवी’ एवढं एक वाक्य पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं तरी पुढच्या माणसाचे महिने वाचतात. ते वाक्य लिहून घ्यायला फार वर्षं आपल्या हातात नाहीत. बुवांच्या शिष्यांकडे लहानपणी शिकलेली बरीचशी माणसं आज उतारवयात असतील.

यावर नेहमीचा आक्षेप ठरलेला आहे. आपली विद्या गुरुमुखी, राग कागदावर मावत नाही, मग वह्या जपून मिळणार काय? आक्षेप खोटा नाही. दरबारी रागाचा कोमल गंधार कुठलीही चिन्हपद्धत लिहू शकलेली नाही. रेघ मारली की कोमल एवढं कळतं, तो किती खाली आहे आणि कसा हलतो ते कळत नाही. कॉफमन यांच्या ग्रंथातले राग पाच रेघांवर मांडले आहेत. ते वाचताना सांगाडा हाताशी येतो, मांस येत नाही, हेही मान्य. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. कागदात मावत नाही, म्हणून कागदाबरोबर आवाजही ठेवायला हवा. एकालाही हात न लावणं हा गुरुमुखी परंपरेचा आदर कसा काय होतो?

अली अकबर खाँ साहेबांनी हा प्रश्न कृतीनं सोडवला. मैहर घराण्याचा हा सरोदिया अमेरिकेत गेला, 1967 मध्ये बर्कलीला कॉलेज काढलं, नंतर ते सॅन राफेलला हललं, आणि 2009 मध्ये जाईपर्यंत ते तिथे शिकवत राहिले. शिकवणं तोंडीच. खाँ साहेब गात किंवा वाजवत, वर्ग उचलत असे. पण विद्यार्थी परके होते. बंदिश एकदा ऐकून घरी जाताना गुणगुणत न्यावी, अशी सवय त्यांना नव्हती. म्हणून ते लिहून घेत आणि वर्ग ध्वनिमुद्रित करत. त्या विद्यार्थ्यांची ही अडचणच पुढे ठेवा ठरली. मैहरच्या विद्येचा एवढा सलग, तारीखवार साठा कॅलिफोर्नियात आहे याचं वाईट वाटून घेण्यापेक्षा तो तिथे कसा तयार झाला ते पाहावं. लिहिलेलं पान आणि त्याच धड्याचा आवाज एका क्रमांकाखाली. नाशिकच्या दप्तराचा पाया हाच असायला हवा.

‘डिजिटायझेशन करू’ हे वाक्य सभेत टाळ्या घेतं आणि कामात घोळ घालतं, तेव्हा प्रत्यक्ष काम कसं असतं तेही पाहू. संगीताच्या वहीत सगळा अर्थ टिंबात आणि बारीक रेघेत असतो. पेनानं दिलेलं टिंब साधारण अर्ध्या मिलिमीटरचं. 150 डीपीआयला (इंचाला दीडशे ठिपके) स्कॅन केलं तर त्याला तीन पिक्सेल मिळतात, आणि चित्र दाबून जेपेग केलं की ते कागदावरच्या डागात विरघळतं. 400 डीपीआयला आठ पिक्सेल मिळतात, ते टिकतं. फोनवरची स्कॅन अ‍ॅप पान ‘स्वच्छ’ करून काळंपांढरं देतात, आणि स्वच्छ करताना नेमकी टिंबंच पुसतात. मग सप्तकं बदलतात. शिवाय गुरुजींनी लाल शाईनं केलेली दुरुस्ती काळ्यापांढऱ्यात ओळखू येत नाही, आणि कित्येकदा तीच दुरुस्ती म्हणजे खरा धडा. म्हणून रंगीत, 400 डीपीआय, टिफ (न दाबलेल्या) स्वरूपात. ए-फोर पान धरलं तर एका पानाला सुमारे 46 एमबी, दोनशे पानांच्या वहीला सव्वानऊ जीबी, शंभर वह्यांना एक टीबीच्या आत. म्हणजे शहरातल्या शंभर वह्या दोन टीबीच्या एका डिस्कवर आरामात मावतात. तशा तीन डिस्क घ्याव्यात आणि त्यांतली एक शहराबाहेर ठेवावी. जागेची सबब इथेच संपते.

मूळ वहीचं काय? सर्वांत आधी स्टेपलरच्या पिना काढाव्यात. पावसाळ्यात त्या गंजतात आणि भोवतीचा कागद खातात. सेलोटेपनं चिकटवलेली पानं ओढून सोडवू नयेत, शाई टेपबरोबर येते. लॅमिनेशन तर अजिबात नको. लोक ते मोठ्या प्रेमानं करून आणतात, पण त्या उष्णतेनं आणि गोंदानं पान कायमचं अडकतं, नंतर काहीच करता येत नाही. जुन्या फाउंटन पेनची निळी शाई पाण्यात पसरते, म्हणून ओल्या फडक्यानं पुसायचं नाही, मऊ कोरडा ब्रश वापरायचा. वाळवी किंवा कसर दिसली तर वही प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करावी आणि घरच्या डीप फ्रीझरमध्ये, उणे 18 अंशांवर, दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर दव आतल्या कागदावर बसतं. पेशवे दप्तरातले कागद रुमालात बांधून ठेवत, ती पद्धत आजही उत्तम. फक्त नवं मांजरपाट आधी दोनदा धुऊन खळ काढावी, कारण कसरीला खळ फार आवडते. डांबराच्या गोळ्या कॅसेटजवळ ठेवू नयेत, त्यांच्या वाफेनं प्लॅस्टिक मऊ पडतं.

कॅसेटचा प्रश्न वह्यांपेक्षा तातडीचा आहे. कागद शंभर वर्षं काढतो. टेप काढत नाही, आणि ती वाजवणारी यंत्रं तर त्याआधीच संपतात. कॅसेटच्या आत टेपमागे एक छोटी नमद्याची गादी असते. जुन्या कॅसेटमध्ये तिचा गोंद सुटतो, गादी पडते आणि आवाज दबलेला येतो. लोक समजतात टेप खराब झाली आणि फेकून देतात. टेप चांगली असते. दुसऱ्या, स्क्रूवाल्या कव्हरमध्ये रिळं हलवली की काम होतं. वर्षानुवर्षं न वाजवलेली कॅसेट आधी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवावी. नव्वद मिनिटांची टेप साठच्या टेपेपेक्षा पातळ असते, तिला जलद पुढे-मागे करू नये. टेप वाचणाऱ्या हेडचा कोन जुळवावा लागतो. तो चुकला की तानपुऱ्याची जवारीच (तारेची बारीक झणकार) ऐकू येत नाही, आणि ऐकणारा म्हणतो रेकॉर्डिंग वाईट होतं.

सर्वांत फसवी चूक वेगाची. कॅसेट सेकंदाला 4.76 सेंटिमीटर फिरायला हवी. जुन्या डेकचा पट्टा सैल झाला की वेग घसरतो. सहा टक्के फरक म्हणजे पुरा अर्धा स्वर. पेटीच्या काळी दोन पट्टीत गाणारे बुवा पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू येतात, आणि पुढे कोणी विद्यार्थी त्यांच्या आवाजाच्या जातीवर प्रबंध लिहितो. साथीला पेटी असेल तर तिच्या सुराशी जुळवून वेग दुरुस्त करता येतो. पेटी नसेल तर मागे घोंघावणारा विजेचा गुंजारव शोधावा, तो आपल्याकडे 50 हर्ट्झचा असतो. 24 बिट, 96 किलोहर्ट्झ या दर्जाच्या ध्वनिमुद्रणाला तासाला दोन जीबी लागतात. खरखर काढण्याचे प्रयोग प्रतीवर करावेत, मूळ फाइलला हात लावू नये.

कायद्याचा भागही थोडक्यात सांगायला हवा, कारण देणगीत तिथेच भांडण होतं. वही ज्याच्या घरात आहे तो कागदाचा मालक. बंदिशीचा हक्क रचनाकाराचा आणि नंतर त्याच्या वारसांचा, मृत्यूनंतर साठ वर्षं. विष्णु दिगंबरांचा केव्हाच संपला. कॉफमन यांचा भारतात 2044 अखेरपर्यंत चालेल. म्हणून देणगीपत्रात दोन वेगळी कलमं हवीत: कागद दिला, आणि वाचायला-गायला-प्रत काढायला परवानगी दिली. एक गंमत सांगण्यासारखी आहे. 1957 च्या कायद्यात ‘संगीतकृती’ची व्याख्या लिहिलेलं, छापलेलं किंवा चिन्हांत उतरवलेलं संगीत अशी होती. 1994 च्या दुरुस्तीपर्यंत, कागदावर नसलेली बंदिश कायद्याच्या लेखी संगीतकृतीच नव्हती. गुरुमुखी विद्येच्या देशात सदतीस वर्षं हे कलम चाललं, आणि त्याविरुद्ध फारसा कोणी आवाज केला नाही.

वर्गणी आणि जागा यांचा वाद निघेलच. दप्तर महापालिकेनं चालवावं असं म्हणणं धाडसाचं होईल. सभागृहाचं भाडं वसूल करणाऱ्या खात्याला वहीचा रुमाल बांधायला सांगणं दोघांवरही अन्याय. 1840 पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय या शहरात आहे, मुक्त विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. अशा ठिकाणी एक खोली, एक सपाट स्कॅनर, दुरुस्त केलेले दोन कॅसेट डेक आणि पूर्ण वेळाचा एक माणूस, एवढ्यावर सुरुवात होते. त्या माणसाला सरगम वाचता यायला हवी, ही अट स्कॅनरपेक्षा महत्त्वाची. महापालिकेनं पैसे द्यावेत आणि लांब राहावं. मूळ वह्या मात्र गंगेपासून, म्हणजे गोदावरीपासून, दूर, उंचावर. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या तळमजल्यांवर काय होतं ते 2008, 2016 आणि 2019 या तिन्ही वर्षी शहरानं पाहिलं आहे. आणि जुन्या नाशकात गाण्याच्या वह्या ठेवलेली कपाटं नेमकी वाड्यांच्या तळमजल्यावरच असतात.

नोंद करताना प्रत्येक बंदिशीपुढे राग, ताल, मुखडा, कोणाकडून घेतली, कधी घेतली आणि रचना कोणाची, एवढे रकाने पुरेत. शेवटचा रकाना बहुतेक वेळा मोकळा राहील. शिक्षक स्वतःची बंदिश विद्यार्थ्याला देताना ‘ही माझी’ असं क्वचितच सांगतात, आणि विद्यार्थी तिला पारंपरिक समजून पुढे देतो. एकाच गुरूच्या तीन विद्यार्थ्यांच्या वह्या शेजारी ठेवल्या की असे रचनाकार सापडतात. जी बंदिश फक्त त्या तिघांकडेच आहे आणि छापील कुठेच नाही, ती बहुधा गुरूचीच. हे काम एका घरात बसून होत नाही. वह्या एकत्र आल्या तरच होतं.

आजचे परदेशस्थ गुरू बोटीनं जात नाहीत. नाशिकचा मुलगा कॅलिफोर्नियातल्या गुरूकडे व्हिडिओवर शिकतो, आणि नाशिकच्या बाई दुबईतल्या मुलींना शिकवतात. आवाज जायला-यायला वेळ लागतो, त्यामुळे दोघांनी एका ठेक्यावर एकत्र गाणं जमत नाही. ठेका विद्यार्थ्याच्याच बाजूला लावला तर गुरूला दोन्ही बरोबर जुळलेलं ऐकू येतं. अ‍ॅपमधली गोंगाट कमी करणारी सोय बंद करावी लागते, नाहीतर ते यंत्र तानपुऱ्याला पंख्याचा आवाज समजून गिळून टाकतं. हे सगळे शिकतात. पण धड्यानंतर गुरू जे व्हॉट्सअ‍ॅपवर गाऊन पाठवतात, तीस-चाळीस सेकंदांचे तुकडे, त्यांना नाव नसतं, रागाची नोंद नसते, आणि फोन बदलला की ते जातात. फोल्ड्सच्या खोक्यांना निदान उंदीर लागायला वेळ लागला होता. महिन्यातून एकदा ते तुकडे संगणकावर उतरवून तारीख, राग आणि मुखडा अशी नावं देणं हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते विद्यार्थ्यानंच करायचं आहे, कारण गुरू करणार नाहीत.

सुरुवात कोणाकडून करावी, याबद्दल आमचं मत ठाम आहे. प्रसिद्ध गायकांकडून नको, त्यांच्या ध्वनिमुद्रिका कुठे ना कुठे आहेत. विष्णु दिगंबरांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु पलुस्कर अवघ्या चौतिसाव्या वर्षी, 1955 मध्ये गेले, तरी त्यांचा आवाज आज कोणालाही ऐकता येतो. सुरुवात करावी ती प्रवेशिका-मध्यमा या संगीत परीक्षांचे वर्ग घेणाऱ्या शिक्षकांपासून, ज्यांनी चाळीस वर्षं दिवाणखान्यात सतरंजी टाकून शिकवलं आणि ज्यांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. त्यांच्या वह्या त्यांच्या घरी नसतीलही. विद्यार्थिनींच्या माहेरच्या माळ्यावर असतील, आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याच्या वजनकाट्यावर चढतील. दप्तराची पहिली जाहिरात दसऱ्याच्या आधी निघायला हवी.